साहेबाच्या कपाळावरचं कुंकू

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट चढवून क्रिकेटची अंपायरिंग करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पत्रूजी बोरकुटे. चामोर्शीच्या आमच्या शाळेत ते पीटी शिकवायचे आणि मी इंग्रजी. कोटाच्या डाव्या खिशाला आम्लानं भोक पडलेलं होतं. त्यामुळे बॉल मोजायचे सहा चिचोके ते डाव्या मुठीत धरायचे आणि बॉल पडला की एकेक उजव्या खिशात टाकायचे. ओव्हर संपली की सगळे चिचोके पुन्हा मुठीत घेऊन त्यांच्यावर फुंकर मारायचे. फुंकर कशाला, असं मी एकदा विचारलं. "जुन्या ओव्हरची धूळ नव्या ओव्हरले लागू नये," असं उत्तर मिळालं.

मला क्रिकेटचा मनापासून कंटाळा. नव्वदच्या सुमारास पुलगावहून नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा वाटलं होतं, जंगलाचा मुलूख आहे, माणसं निवांत असतील, संध्याकाळी चार पानं वाचून होतील. कसलं काय! धानाची कापणी झाली की मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, जिकडेतिकडे स्टंप ठोकले जायचे आणि गावोगावच्या टुर्नामेंटचं बोलावणं बोरकुटे सरांना यायचं. जाताना ते मला स्कोअर लिहायला ओढून न्यायचे. मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी परोपरीनं सांगून पाहिलं.

"म्हणूनच तं नेऊन राह्यलो," ते म्हणायचे. "कोणी जिकला का हरला, तुमाले का फरक पडते? असा माणूस भेटत नाई काळे सर."

ही स्तुती होती की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माणूस बुटका, काटक, उन्हानं रापलेला. एरवी तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असायचाच, पण मैदानात पाय टाकण्यापूर्वी चूळ भरून यायचे. आऊट देताना बोट वर करायची त्यांना घाई नसे. आधी सगळीकडे एकदा बघायचे, मग स्वतःशीच मान हलवायचे, आणि मग बोट. तेवढ्या वेळात दोन्हीकडच्या लोकांचा जीव टांगणीला लागायचा.

मार्कंड्याच्या जत्रेच्या दिवसांत नदीकाठच्या एका गावी अंतिम सामना होता. पहिलं बक्षीस बोकड. चामोर्शीचा संघ एका बाजूला, वैनगंगेपलीकडचा दुसऱ्या बाजूला. पलीकडच्या कॅप्टनला बोरकुटे सरांनी मागे झेल घेतला म्हणून आऊट दिलं आणि आमची पोरं नाचायला लागली. तो बिचारा निम्म्या वाटेवर पोचला असेल. तेवढ्यात सरांनी कीपरच्या हातातला बॉल मागून घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि कॅप्टनला हाक मारली. बॉलला ताजी माती लागलेली होती. म्हणजे झेलाआधीच बॉलचा टप्पा पडला होता.

"मी चुकलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वापस ये बावा."

मग काय विचारता! आमच्याच गावची माणसं मैदानात घुसली. "अंपायर, एकडाव बोट वर केलं ना जी? मंग?" ढेकळं येऊन पडली, त्यातली दोन माझ्या पाठीवर. बोरकुटे सर जागचे हलले नाहीत. "पुढचा बॉल पडला नाई तोवर निर्णय फिरवता येते," ते म्हणाले. "पुढचा बॉल पडला का मंग खुद्द मार्कंडादेव आला तरी नाई फिरत. आता पडला नाई अजून." कॅप्टन परत आला, त्यानं सामना जिंकला आणि बोकड डोंग्यात बसून नदीपलीकडे गेला. कमिटीवाले बरेच दिवस सरांशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र बोलावणं त्यांनाच आलं.

त्यांना दुसरा नाद होता तो कार्डांचा. त्या दिवसांत च्युइंगगमच्या पाकिटातून खेळाडूंची रंगीत कार्डं निघायची आणि मधल्या सुट्टीत पोरांची त्यावरून डोकीफोड चालायची. कोण कोणाच्या बदल्यात किती, हा वाद. बोरकुटे सरांनी निंबाखाली बसून त्याचं कोर्टच सुरू केलं. कार्ड उन्हात तिरपं धरायचं, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायचा, पाठ पाहायची आणि जाहीर करायचं, पहिला, दुसरा किंवा तिसरा. दोन तिसऱ्यांना एक दुसरा. कोणी "सर, हा तर कॅप्टन आहे," अशी कुरकुर केली तर म्हणायचे, "कॅप्टन असन त्याच्या घरी. कोपरा मुडपला ना? तिसरा." पोरं ऐकायची. त्यांच्या बापांचे बांधावरचे तंटे इतक्या मुकाट्यानं मिटले असते तर तहसील ओस पडली असती.

स्वतःही जमवायचे. एकदा नागपूरच्या रविवारच्या बाजारातून एक जुनं कार्ड घेऊन आले. विकणाऱ्यानं मुलाबाळांच्या शपथा घेतल्या होत्या. घरी येऊन दुसऱ्या कार्डाशेजारी ठेवलं, तर हे सुताभर कमी. विटलेल्या कडा ब्लेडनं कापून कोरकरीत केल्या होत्या. ते कार्ड त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, रोज दिसावं म्हणून. "चूक माहीच आहे," ते म्हणायचे. "जो इकून राह्यला, त्यालेच मी अंपायर केलो. बॅट्समनले इचारून कोणी आऊट देते का?"

आता सुमनवहिनींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून हे सगळं घडलंच नसतं. वहिनी उंच, ठसठशीत, बोलायला फटकळ आणि हातानं सढळ. नवऱ्याच्या कार्डांना त्या "कागदाचे टुकडे" म्हणायच्या. घर झाडताना एखादं सापडलं तर "तुमचं एक पोट्टं पलंगाखाली पडून होतं," असं म्हणून पुढ्यात टाकायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. हा विनोद त्या स्वतःच करायच्या आणि आपणच आधी हसायच्या.

वहिनींच्या घरात आलेली कुठलीही वस्तू कुंकवावाचून सुटत नसे. सायकल, कुकर, गॅसची टाकी, शाळेच्या नव्या बॅटी, सगळ्यांना बोट. मी नवी छत्री घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर निघताना मुठीवर लाल टिळा. "पयल्यांदा आली ना आमच्या घरी," त्या म्हणाल्या. देवघरातल्या तसबिरींचं सांगायलाच नको. ज्याला ज्याला चेहरा आहे त्याच्या कपाळावर कुंकू, मग तो देव असो, सासरा असो, की कॅलेंडरावरचा कुणी पुढारी. बोरकुटे सरांना या गोष्टीचं मोठं कौतुक. "आमच्या घरी सामान नाई येत सर, पाव्हणे येतेत," असं ते सांगायचे.

सरांच्या मनात एक गोष्ट अनेक वर्षं घर करून होती. आमची पोरं टेनिस बॉलवर, धानाच्या बांधीत खेळून तयार व्हायची आणि जिल्ह्याच्या निवडीला गेली की सिमेंटच्या पिचवर, चामड्याच्या बॉलसमोर पहिल्याच तासात गारद व्हायची. सुधाकर मडावी नावाचा एक पोरगा होता, जंगलातल्या गावचा, वसतिगृहात राहायचा. असा डावखुरा पुन्हा होणे नाही, असं सर म्हणायचे आणि ते उगाच कोणाला चढवत नसत. निवडीच्या दिवशी पहिलाच बॉल टप्पा खाऊन उसळला आणि त्याच्या तोंडावर बसला. पुढचे दात गेले. पोरगा परत आला तो बॅटीला हात लावीना. मग वसतिगृह सोडून तेंदूपत्त्याच्या कामाला गेला.

"पोराचा दोष नाई," बोरकुटे सर त्या दिवशी मला म्हणाले. "त्यानं असा उसळता बॉल जन्मात पाह्यला नाई तं करन का? मी रिटायर होयाच्या पयले इथी एक पक्कं पिच झालं पाह्यजे."

संस्थेकडे अर्ज झाले, आमदारांकडे झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. आलापल्लीला वनखात्याच्या जुन्या बंगल्यातल्या मोडक्या सामानाचा लिलाव होता. तिथं मैदान सपाट करायचा लोखंडी रोलर आहे, असं कोणीतरी सांगितलं म्हणून सर गेले. रोलर कुणीतरी आधीच नेला होता. हे एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत कुजलेले पॅड, दोन स्टंप आणि तळाशी सिगारेटचा एक चपटा डबा. डब्यात साहेबाच्या काळातली, सिगारेटच्या पाकिटातून मिळायची ती क्रिकेटची कार्डं. बहुतेक सगळी ओलीनं एकमेकांना चिकटून त्यांची वडी झालेली. एकच कार्ड मेणकागदात गुंडाळलेलं होतं. ते उलगडलं आणि बोरकुटे सर खालीच बसले.

मिशीवाला, पट्ट्यांची टोपी घातलेला कोणी गोरा फलंदाज. कार्ड इतकं नवं, की काल छापलंय असं वाटावं. सरांनी उन्हात तिरपं धरलं, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "पयला. माह्या जिंदगीतला पयला पयला."

आमचा एक विद्यार्थी, प्रमोद, कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत गेला होता. चंद्रपूरहून कार्ड स्कॅन करून आणून मी गडचिरोलीच्या इंटरनेटच्या दुकानातून त्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं ते मी सरांना मराठीत सांगितलं. तिकडे अशा कार्डांचा मोठा बाजार आहे, पण विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी घेत नाही. कार्ड आधी एका कंपनीकडे पाठवायचं. त्यांची माणसं कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे की नाही, सगळं भिंगातून पाहतात, दहापैकी नंबर देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. घेणारा त्या नंबरावर घेतो. हे कार्ड काही दुर्मीळ नाही, पण इतकं स्वच्छ कार्ड दुर्मीळ आहे. आठाच्या वर नंबर मिळाला तर सिमेंटचं पिच, वर मॅटिंग आणि भोवती जाळीसुद्धा होईल. डाग निघाला तर पाठवायचा खर्चही निघणार नाही.

मला वाटलं सर पिचचं ऐकून उडी मारतील. ते त्या कंपनीवरच खूश झाले. "म्हंजे थर्ड अंपायर!" ते म्हणाले. "इकणारा वेगळा, घेणारा वेगळा, अन् पाहणारा तिसराच. याले म्हणतेत कारभार! नागपूरले असा एक जरी बसला असता ना, तं माहं टेबल रिकामं राह्यलं असतं."

दिवाळीला प्रमोद गावी येणार होता आणि जाताना कार्ड घेऊन जाणार होता. तोवर बातमी गावभर झाली. एका गवंड्यानं हातचं राखून न ठेवता काम करून द्यायचा शब्द दिला, ट्रॅक्टरवाल्यानं रेतीचा. सर रोज सकाळी दोरी धरून बावीस यार्ड मोजायचे आणि फक्कीच्या रेघा मारायचे. सुधाकरच्या गावाकडच्या माणसाबरोबर त्यांनी निरोपही धाडला, पिच होऊन राह्यलं, ये म्हणून. वहिनींनाही त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्या कागदाच्या तुकड्यातून पोरांसाठी पिच होणार, हे ऐकून वहिनी पहिल्यांदाच गप्प झाल्या.

पाडव्याच्या सकाळी बोरकुटे सर माझ्या खोलीवर आले. हातात ताट, ताटावर रुमाल. मला वाटलं फराळ आहे.

"थोडं पाहा जी," ते म्हणाले.

रुमालाखाली कार्ड होतं. साहेबाच्या कपाळावर, टोपीच्या काठाखाली, दोन भुवयांच्या बरोबर मधोमध, ओल्या कुंकवाचं टपोरं बोट.

लक्ष्मीपूजनाला वहिनींनी कपाटातून कार्ड काढून चौरंगावर ठेवलं होतं, दागिन्यांच्या डबीशेजारी, धानाच्या नव्या लोंबीपुढं. लाह्या वाहिल्या, बत्तासा ठेवला, आणि चेहरा दिसला म्हणून कपाळाला कुंकू लावलं. सर तेव्हा बाहेर पोरांना फटाके वाटत होते.

"किती नेमकं लावलं पाहा," सर म्हणाले. ते खरोखर कौतुकानंच बोलले. मग मटकन बसले. "तिनं पयल्यांदा माह्या कार्डाले देवात ठेवलं, काळे सर. वीस वर्सात पयल्यांदा. मले उठवून सांगते का, म्हणे तुमच्या साहेबाले मी आमच्यातला करून टाकली. आता मी तिले का सांगू?"

मी कापूस आणला, तो ठेवून दिला. पाणी आणलं, तेही ठेवून दिलं. आम्ही दोघं त्या ताटाकडे पाहत बसलो. बाहेर पोरं दिवाळीचे कपडे दाखवत हिंडत होती आणि आत साहेब कुंकू लावून आमच्याकडे पाहत होता. मला रडावं की हसावं कळेना, आणि त्याहून वाईट म्हणजे सरांनाही कळत नव्हतं.

भाऊबीजेला प्रमोद आला. त्यानं कार्ड पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. थोड्या वेळानं म्हणाला, "सर, तिकडे काही लोक औषधानं डाग काढून देतात. बेमालूम. पकडलं गेलं तर नंबर मिळत नाही."

"अन् पकडलं नाई तं?"

"तर पिच होईल, सर."

बोरकुटे सरांनी शर्टाच्या खिशातून चिचोके काढले. हातात खेळवले. एका हातातून दुसऱ्या हातात केले. मला वाटलं, हो म्हणतील. माझीच इच्छा होती की हो म्हणावं. एका डागापुरतं डोळे मिटले तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"नाई बावा," ते म्हणाले. "बॉलले ब्लेड मारणाऱ्या पोराले मी मैदानाबाहेर काढलो आहो. माह्या टेबलावर थे कापलेलं कार्ड रोज माह्याकडं पाहून राह्यते. जसं आहे तसं ने."

"मग न्यायचं तरी कशाला?"

"का सांगता येते? थर्ड अंपायर आहे. मले जेवढं मोठं दिसून राह्यलं, तेवढं त्याले नसन दिसत."

इतकी वेडी आशा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर आला. गडचिरोलीच्या त्या दुकानात पंख्याखाली उभं राहून मी तो वाचला, एकदा माझ्यासाठी आणि एकदा त्यांच्यासाठी. कार्ड अस्सल आहे. कोपरे उत्तम. कडा उत्तम. पृष्ठभागावर परका पदार्थ. नंबर देता येत नाही.

"परका पदार्थ म्हंजे?"

"कुंकू, सर."

"परका," ते म्हणाले. "त्याइच्यासाठी परकाच तं आहे." मग विचारलं, "कोपरे उत्तम म्हणते ना?"

"हो."

"मंग मी बरोबर पाह्यलो होतो." मग स्वतःशीच मान हलवली, मैदानात हलवायचे तशी. "निर्णय बरोबर आहे जी. मी असतो तं मीही असाच देल्ला असता."

चामोर्शीला परतताना मी बसच्या खिडकीतून मोहाची झाडं पाहत राहिलो. दोष कुणाला द्यायचा? वहिनींना? त्यांनी जे त्यांच्यापाशी होतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं होतं. कंपनीला? तिनं डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. मला कोणाचा तरी राग यायला हवा होता आणि तो येण्याजोगं कोणी सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मंडळी जमली. गवंडी, ट्रॅक्टरवाला, टुर्नामेंटचे कमिटीवाले. सगळ्यांचं एकच, सर, पिच कधी? बोरकुटे सर उभे राहिले. इकडेतिकडे एकदा पाहिलं, घाई न करता.

"पिच नाई होत," ते म्हणाले. "कार्ड खराब झालं. माह्या हातानं चहा सांडला त्याच्यावर."

मी मान खाली घातली. त्या माणसानं उभ्या आयुष्यात दिलेला एकच खोटा निर्णय, आणि तोही स्वतःच्या विरुद्ध. आता सर आणि वहिनी दोघंही या जगात नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

लोक चिडले, मग हसले, आणि हसणं जास्त दिवस टिकलं. "मास्तरानं पिच चहात बुडवलं" ही म्हणच होऊन बसली. टुर्नामेंटमध्ये पोरं सीमारेषेवरून ओरडायची, "अंपायरले चहा नोका देऊ रे!" ज्याला कप धरता येत नाही त्याला बॉल काय दिसणार, असं पुढं कोणीतरी काढलं. एका वर्षी बोलावणं आलं नाही. दुसऱ्या वर्षी कळलं की गडचिरोलीहून एक तरुण अंपायर येतो, बिल्लेवाला. बोरकुटे सर सीमारेषेबाहेर बसून चिचोके मोजायचे. ते रिटायर झाले त्या दिवशीही पिचच्या जागी फक्कीच्या रेघाच होत्या. सुधाकर काही आला नाही.

आणि वहिनी! वहिनींनी नवऱ्याला असं फैलावर घेतलं की विचारू नका. "एवढी वर्सं साहेब पेटीत सांभाळून राह्यला, अन् तुमाले कपभर चहा धरता नाई आला? पोराइचं पिच होतं जी थे!" त्या दिवसापासून त्यांनी सरांचा चहा अर्धा केला. कप तोच, चहा निम्मा. "भरला का सांडते," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. सर तेवढाच पिऊन कप खाली ठेवायचे.

मी नोकरी संपवून पुलगावला परतलो. चार-पाच वर्षांनी एका दिवाळीत चामोर्शीला गेलो. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. सर वाळले होते, डोळ्याला जाड चष्मा. वहिनी तशाच, फक्त केस पांढरे. चौरंग मांडलेला होता. दागिन्यांची डबी, धानाची लोंबी, आणि तिच्याशेजारी प्लास्टिकच्या डबीतला साहेब, कपाळावर कुंकू जसंच्या तसं. प्रमोदनं ते परत पाठवलं होतं.

"पाहा काळेभाऊ," वहिनी म्हणाल्या. "चहाचा डाग तं डोळ्याले दिसतबी नाई. हे म्हणतेत, तिकडच्याइनं मशीनवर पाह्यला. पण माहं कुंकू? थे त्या अमेरिकेवाल्याइनंबी नाई पुसलं. समजते त्याइले."

मी सरांकडे पाहिलं. ते चौरंगाकडे बघत होते.

"अन् या चिठ्ठीवर का लिहून आहे जी, इंग्रजीत? हे सांगतेत, पण याइचा काई भरोसा नाई आता."

मी डबी हातात घेतली. लेबल वाचलं. "अस्सल," मी म्हणालो. "अस्सल आहे असं लिहिलंय."

"मंग?" वहिनी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "मी का सांगून राह्यली होती?" त्यांनी कुंकवाचं बोट भिजवलं आणि डबीवर, आतल्या टिळ्याच्या बरोबर वर, एक नवा टिळा लावला. मग सरांच्या कपाळाला लावला. मग माझ्या. आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी खुर्ची जवळ ओढली. "सर, सांगून टाका आता," मी हळूच म्हणालो. "इतकी वर्षं झाली. काही वाटणार नाही त्यांना. हसतील."

बोरकुटे सरांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"तवा सांगाचं होतं," ते म्हणाले. "त्या पाडव्याले, सकाळी. आता पुढचा बॉल पडला, काळे सर."

वहिनी ट्रे घेऊन आल्या. मला काठोकाठ भरलेला कप, सरांना अर्धा. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. वहिनी पदर खोचून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शेवटचा घोट जाईपर्यंत हलल्या नाहीत. थेंब सांडला नाही.

"पाहा," त्या मला म्हणाल्या, "ध्यान देलं का जमते."